देवीचा कौल

घागांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माइकवर जाहीर केलं, "या मॅडमनी शोध लावला, म्हणून आपली देवराई वाचली."

शोध कसला, तर गेल्या वर्षी मी इथल्या पानांवर लाल कोळ्यांच्या तीसेक जाती नोंदवल्या होत्या. टाचणीच्या टोकाएवढे जीव, पानांचा रस पिणारे. आजूबाजूचं जंगल काजूच्या बागांनी कधीच गिळलंय. हे बिचारे एवढ्याशा तुकड्यात तग धरून होते. पेपरात बातमी आली. देवस्थानच्या या अध्यक्षांनी तिच्यातला एकच शब्द वाचला असणार: कीड.

"तुम्ही फवारलंत?" मी खाली उतरून विचारलं.

"दोनदा. काजूवर मारतो तेच औषध. पण उगाच नाही हां, देवीला तांदूळ लावून कौल घेतला. मूर्तीच्या उजवीकडचा दाणा आधी पडला, म्हणजे होकार."

मला चार पानं तोडायची होती, तेव्हा याच माणसाने हाच कौल तीनदा लावायला लावला होता.

मी पांढरी ताटली धरून जांभळीची फांदी झटकली. ताटली लाल झाली. भिंगातून पाहिलं, तर सगळे एकाच जातीचे. परसातल्या वांग्यांवर असतो तो, कुठलंही औषध पचवणारा निर्लज्ज. त्याला खाणारे मेले, त्याचे शेजारी मेले, आणि याला अख्खी देवराई मोकळी मिळाली.

घाग ताटलीवर वाकले. "बापरे, एवढे! बरं झालं आलात, मॅडम." मग देवळाकडे वळून त्यांनी हाक मारली, "ओ गुरव, तांदूळ आणा."