निळ्या काठाच्या नाड्या

चुण्या पुन्हा उलट्या पडल्या. मायाने शिवण उसवली, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि मशीनच्या सुईत ओवलं. मोबाइलवरची बाई शिवायची तेव्हा सगळं किती सोपं वाटायचं! मायाच्या हातून मात्र मास्क कधी लंगोटासारखा लांब व्हायचा, कधी कानाशी ओढायचा. म्हणून प्रत्येक मास्क ती आधी स्वतःच्या तोंडावर बांधून बघे, उरलेला दोरा दातांनी तोडे आणि घडी घालून डब्यात टाके.

बडनेऱ्यात पुन्हा टाळेबंदी लागली होती. "मास्क लावा, ताप आला, वास गेला तर लगेच तपासून घ्या," असं बजावत भोंग्याची गाडी फिरत होती. गल्लीला मास्क शिवून वाटायचे हे मायाच्याच डोक्यातून निघालं होतं. कापड तेवढं चुकलं.

कोपऱ्यातलं, जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं चिंध्यांचं समजून तिने सोडलं आणि आतली पांढरी साडी कापायला घेतली. निळ्या काठाच्या नाड्या करून झाल्यावर तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. सासूबाईंच्या, सुंदराबाईंच्या अंगावर तोच काठ. दीक्षाभूमीवर पहिल्यांदा जाताना सासऱ्यांनी घेतलेली साडी. "मेल्यावर मले हेच साडी नेसवजा," असं सुंदराबाई अजूनही येता-जाता बजावत.

माया घाबरली. उरलेली साडी जागच्या जागी ठेवायची तर तिने तीही कापून टाकली. पुरावाच नको.

तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. अंग मोडून आलं होतं. मशीनवर बसायची सवय नाही, दुसरं काय! भाजी अळणी वाटली म्हणून तिने आणखी मीठ टाकलं.

"मिठाचा डबाच उपडा केला काय वं?" सुंदराबाईंनी ताट सरकवलं. "ध्यान कुठी हाय तुहं?"

"काई नाई, आई."

मन खातं म्हणतात ते हेच, मायाला वाटलं.

दुपारी शेजारची आचल वरूडची संत्री घेऊन दारात आली. तोंडावर मायाने शिवलेला मास्क, मानेमागे निळी नाडी. ती पाठमोरी झाली तशा सुंदराबाई टक लावून बघत राहिल्या. मग उठल्या आणि कोपऱ्यातलं गाठोडं चाचपलं. हाताला नुसती चादर लागली.

मायाने त्यांचे पाय धरले. "चुकलं माह्यं, आई. तुमची साडी मीच कापली. माहीत पडल्यावरबी कापली."

सुंदराबाईंनी रिकाम्या चादरीची घडी घातली.

"मेल्यावर नेसून मी काय करू वं?" त्या म्हणाल्या. "जित्या माणसायच्या कामी आली. आण, मलेबी एक दे."

मायाने हातातला मास्क पुरा केला. दोरा दातांनी तोडला, आपल्या तोंडावर माप बघितलं आणि तोच सासूच्या तोंडावर बांधला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं तिला. इतकं शिवलं, पण हा एक मास्क खरा जमला होता.

सुंदराबाईंनी संत्रं सोललं. "काय वास सुटला माय! मास्कातूनबी येऊन राह्यला. घे, हुंगून पाय."

मायाने फोड नाकाशी नेली. मग साल चुरगाळून नाकाला लावली. डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

श्वास मोकळा येत होता. वास मात्र कसलाच नव्हता.