अथांग

खाडीच्या मध्यावर चांगुणाने होडी रेटायचा बांबू पार हात बुडेस्तोवर पाण्यात घातला. "थांग नाय," म्हणत तिने तो वर ओढून घेतला.

विभावरीबाई दचकल्या. मांडीवरच्या खोक्यात नवऱ्याच्या शब्दकोशाची कार्डं होती आणि त्याने लिहिलेलं शेवटचं कार्ड याच शब्दाचं होतं. 'अथांग: थांग म्हणजे तळ; ज्याला तळच नाही असे.' तो गेला आणि कोश तिथेच अडला. वर्षभर त्यांचा हात पुढे सरला नाही. आज खोका पलीकडच्या वाचनालयाला देऊन टाकायला त्या निघाल्या होत्या.

"म्हणजे इथे तळच नाही?"

"तळ नाय कसा? पानी काय अधांतरी ऱ्हातंय?" चांगुणा हसली. "माझा बांबू पुरत नाय, बाई."

"मग आता गं?"

"आता वल्हं मारायचं. पल्याड जायला थांग कशाला लागतो?"

होडी पुढे सरकू लागली. विभावरीबाईंनी पेन काढलं, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं वाक्य खोडलं, त्याखाली 'जिथे आपला बांबू पुरत नाही असे' लिहिलं आणि खोक्यातलं पुढचं कोरं कार्ड काढलं.