गणितात एक्क्याण्णव

रांग काही हलेना, तेव्हा मा-खोझानं पुढच्या बाईला विचारलंच, "तुमच्या पोरीला गणितात किती?"

पुढची बाई म्हणजे मा-झुंगू. विद्यापीठाच्या अंगणात प्रवेशाच्या रांगेत दोघी आपापल्या पोरींना घेऊन पहाटेपासून मागेपुढे उभ्या होत्या. दोन्ही पोरी बारावी झालेल्या, आणि दोघींनाही इंजिनीअरच व्हायचं होतं.

"बाहत्तर," मा-झुंगू म्हणाली. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला, की मा-खोझाला तिची कीव आली.

"होईल हो काहीतरी." मग जरा थांबून, कुणी विचारलेलं नसताना, "आमच्या बोंगेकिलेला एक्क्याण्णव."

मागच्यापुढच्या माना वळल्या. "एक्क्याण्णव? मग रांगेत कशाला उभ्या राहिलात, मा? तुम्हाला तर गाडी पाठवून न्यायला हवं होतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मा-खोझाही हसली. मुद्दाम इस्त्री करून घातलेला चर्चचा लाल ब्लाउज तिनं खाली ओढून नीट केला. निकाल लागला तेव्हा घरी बकरा पडला होता. थोरल्या दिरानं गोठ्यात, वाडवडिलांचे आत्मे असतात तिथे उभं राहून, त्यांना सांगितलं होतं, की आपल्या घरात इंजिनीअर होतेय. एवढं झाल्यावर माणसानं रांगेत गप्प तरी कसं राहायचं?

एकटी बोंगेकिले हसली नाही. "आई, हळू बोल ना."

"का हळू? चोरी केलीयस?"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे टेबल दिसलं. टेबलामागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगेला कारकून होता. त्यानं आधी मा-झुंगूच्या मुलीचा निकाल बघितला. "गणित, बाहत्तर. ठीक आहे. त्या दारानं आत जा." मायलेकी निरोप घ्यायचंही विसरून दाराकडे पळाल्या.

मग त्यानं बोंगेकिलेचा कागद घेतला. वाचला, परत वाचला.

"मा, हिनं गणित घेतलेलंच नाही."

"नीट बघ, बाळा. एक्क्याण्णव आहेत."

"ते गणिती साक्षरतेचे. तो वेगळा विषय. इंजिनीअरिंगला चालत नाही. डॉक्टरकीलाही नाही."

"त्यांचे बाहत्तर चालतात आणि आमचे एक्क्याण्णव चालत नाहीत?"

"नाही चालत, मा."

मा-खोझानं लेकीकडे बघितलं. लेक चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

"मग त्या साक्षरतेत शिकवतात तरी काय?"

पोरगा स्वभावानं वाईट नव्हता. सकाळपासून हेच सांगून सांगून तो थकला होता एवढंच. "विजेचं बिल समजून घेणं. कर्जाचा हप्ता काढणं. टॅक्सीचं भाडं, घराला रंग किती लागेल, असलं."

"ते मला येतं," मा-खोझा म्हणाली. "मी चौथीत शाळा सोडली."

त्यानं कार्यालयीन कामाच्या कोर्सचं एक पत्रक पुढे सरकवलं. "इंजिनीअरिंगलाच जायचं असेल तर गणित दहावीपासून पुन्हा करावं लागेल. तीन वर्षांचं." आणि मान वळवून, "पुढचे."

दोघी फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"तुला ठाऊक होतं," आई म्हणाली.

"विषय वेगळा आहे हे ठाऊक होतं. हेडसर म्हणाले, मार्क ते मार्कच, विद्यापीठात कोण बघतंय." बोंगेकिले कठड्यावर बसली. "मी तेव्हा नको म्हटलं होतं, आई."

म्हटलं होतं. मा-खोझाला सगळं लख्ख आठवलं. पोरगी दहावीत गेली तेव्हा हेडसरांनी आयांना शाळेत बोलावून स्कोनचे गोड पाव आणि सरबत दिलं होतं. त्या अवघड गणितात मुलं आपटतात, या सोप्या गणितात मार्क पडतात, शाळेचा निकालही शंभर टक्के लागेल, असं म्हणाले होते. गणिताचे मास्तर शाळा सोडून गेलेत, हे मात्र म्हणाले नव्हते. बोंगेकिले त्याआधीच घरी रडरड रडली होती, की मला तेच गणित हवंय. तरी मा-खोझानं सगळ्यांच्या आधी उठून संमतीच्या कागदावर सही केली होती. आपल्याला सही येते, तीही वळणदार, हे बाकीच्या बायांना दिसावं म्हणून.

तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की लेकीजवळ बसायचाही धीर होईना.

फोन वाजला. हेडसरच होते. "काय, पोचली का आमची इंजिनीअर? तिला विद्यापीठाच्या फाटकापाशी उभी करून एक फोटो पाठवा बघू. शनिवारी दहावीच्या मुलांच्या आया यायच्यात, त्यांना दाखवू."

"सगळ्या येणार?"

"सगळ्या. का हो?"

"फोटो नको, सर. मीच येते."

"वा, फारच छान. मग चार शब्द बोलाच तुम्ही."

"बोलते," मा-खोझा म्हणाली, आणि तिनं फोन पिशवीत टाकला. उन्हात उभ्या उभ्या ती शब्द जुळवायला लागली. आधी सरबताचं सांगायचं, मग मास्तरांचं, मग सहीचं. शब्द भराभर सुचत होते. आवाज चढवायचा नाही, असंही तिनं ठरवून टाकलं.

"शनिवारी तू बोलशील, आई," बोंगेकिले कठड्यावरून म्हणाली. "सोमवारी मी कुठे जाऊ?"