अजून एक टेक

"ओके," दयानंदनं आतल्या खोलीत बोलण्याचं बटण दाबून सांगितलं. "मस्त झालं, अक्का."

काचेपलीकडे कानांवर हेडफोन लावलेल्या सुप्रीतानं मान वर केली, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि एक बोट दाखवलं. अजून एक टेक.

दयानंदनं कपाळाला हात लावला. सकाळपासून एकच गाणं चाललं होतं आणि टेक मोजणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. ही बाई आपल्याकडे रेकॉर्डिंगला येणार म्हणून आठवडाभर तो हवेत होता. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

सुप्रीता 'सोल' नावाचा गाण्याचा प्रकार गायची. आतड्यातून ओढून काढल्यासारखी ती परदेशी गायकी तिनं स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या चालींत आणली होती. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातली मुलगी. दोन अल्बम गाजले, बंगळूरची पोरं तिची गाणी पाठ म्हणायची. मग गेल्या वर्षी एका कार्यक्रमात ती अख्खं कडवं बेसूर गायली आणि त्यानंतर स्टेजवर चढलीच नाही. आता तिसरा अल्बम या एका गाण्यावर अडला होता. कंपनीनं आजचा शेवटचा दिवस दिला होता. आज गाणं गेलं नाही तर अल्बम रद्द, आणि मग सुप्रीताला पुन्हा कोण विचारणार? दयानंदच्या यशवंतपूरच्या स्टुडिओला तर आताही कोणी विचारत नव्हतं.

एवढं डोक्यावर असताना बाईंचे नखरे बघावेत. ठेक्याची टिकटिक नको, काचेआडून तुम्ही हातानं ताल द्या. काचेवरचा पडदा काढा. फोन करू नका, मेसेज करा. ती अनवाणी गाते, म्हणून सकाळी दयानंदनं स्वतः आतलं सगळं सामान हलवून लाकडी जमीन पुसली होती. आता त्याचा दंड भरून आला होता आणि बाई छातीवर तळहात ठेवून, डोळे मिटून गुणगुणत होत्या.

त्यानं हात वर केला. ती गायली. अंतऱ्यातल्या वरच्या सुराला किंचित कमी पडली, पण इतक्या वेळानंतर त्याला ते चालण्यासारखं होतं.

"सुपर, अक्का!"

तिनं पाहिलं. बोट वर.

दयानंदची पेन्सिल टेबलाखाली घरंगळली. ती घ्यायला तो वाकला आणि चिडून बोलून गेला, "नाचता येईना अंगण वाकडं!" मग लक्षात आलं की दुसऱ्या हाताचं बोट बटणावरच होतं. जीभ चावून तो वर आला. सुप्रीता शांतपणे त्याच्या हाताकडे बघत होती, ताल कधी सुरू होतो त्याची वाट पाहत. ती रागावली असती तरी परवडलं असतं. आपल्या बोलण्याचा राग यावा एवढीही आपली किंमत नाही, हे त्याला फार लागलं.

"स्वल्प चहा घेऊ या, अण्णा," ती बाहेर येत म्हणाली.

त्यानं पाठमोरं राहून विचारलं, "साखर किती?" उत्तर नाही. त्यानं दोन चमचे टाकले.

"अय्यो, मला साखर नको होती," घोट घेऊन ती म्हणाली.

विचारलं तेव्हा तोंड उघडायचं नाही आणि मग हे! त्याला राहवलं नाही. तिच्यासमोर स्टूल ओढून तो बसला.

"एक विचारू? इंदिरानगरचे भारी स्टुडिओ सोडून माझ्याकडं का आलात?"

"तिथं सगळे फार गोड हसतात. काहीही गा, चेहरा तसाच. तुम्हाला ते जमत नाही."

"म्हणजे माझं तोंड वाईट?"

"वाईट नाही, खरं आहे," ती म्हणाली.

"आणि मी ओके म्हणतोय ते?"

"तुम्ही म्हणता, अण्णा. तुम्हाला वाटत नाही."

दयानंदनं मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यावर माणूस घालतो तशी. खाली लॉऱ्यांचे हॉर्न वाजत होते, त्यानं उठून खिडकी लावून घेतली.

"सरी, ठीक आहे," तो वळून म्हणाला. "चला."

या वेळी तिनं सुरुवातच वेगळी केली, हळू, घरात कुणाची समजूत काढावी तशी. दयानंदचा हात ताल देत होता. अंतरा आला, वरचा सूर आला, आणि तो इतका नेमका लागला की दंडाचं दुखणं, साखर, अपमान, कंपनी, काहीच त्याला आठवेना. गाणं संपलं तरी त्याचा हात हलतच होता. डोळे भरून आले होते, आणि ओके म्हणायचंही राहून गेलं होतं.

"झालं," सुप्रीता आतून म्हणाली. तिचेही गाल ओले होते. "हेच ठेवा, अण्णा."

गाणं कंपनीला गेलं. थोड्या वेळात मेसेज आला, फारच आवडलंय, अल्बम येतोय. सुप्रीतानं तो दोनदा वाचला आणि दयानंदला हात जोडले.

"तुमचे उपकार झाले."

"अहो, मी काय केलं?" तो म्हणाला. ती वाकून चपला घालत होती. काही न बोलता जिना उतरून गेली.

जाऊ दे, मोठी माणसं अशीच असायची. दिवसभराचा राग कुठल्या कुठे गेला होता. तो आवरायला आतल्या खोलीत गेला. तिनं माईकवर अडकवलेला हेडफोन काढला आणि वायर गुंडाळायला लागला. वायर अडली नाही. तिचं टोक जमिनीवरून सरपटत सरळ त्याच्या हातात आलं.

सकाळी जमीन पुसताना त्यानंच हेडफोनची पिन काढून ठेवली होती. परत लावायची राहूनच गेली होती. गाण्याचं संगीत, त्याचे सगळे ओके, त्याचं ते टोचून बोलणं, यातलं काहीच या खोलीत पोचलं नव्हतं.

आणि दिवसभर त्याच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघत गाणाऱ्या सुप्रीतानं एकदाही तक्रार केली नव्हती.