कुणी जागचं हलेना

नागोयाच्या सभागृहात ठरलेलं शेवटचं गाणं संपवून काझुहा पडद्यामागे आली आणि व्यवस्थापक तोगाशींना म्हणाली, "आज वन्स मोअरला मी जाणार नाही."

"अहो बाई, वेळापत्रकात तो चार बावन्नला छापलाय!" तोगाशी फिसकन हसले. "लोक ओरडतात, तुम्ही चकित होऊन परत जाता. वीस वर्षं हेच तर चाललंय."

"म्हणूनच. सभागृहातले दिवे लावा. लोक उठून गेले, तर उद्याच निवृत्ती जाहीर करते. बसून राहिले, तर मी अजून हवी आहे असं समजेन."

"करा हौस," म्हणत तोगाशींनी दिवे लावायला सांगितले.

काझुहा पडद्याच्या फटीतून बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी तीन हजारांतला एकही माणूस जागचा हलला नाही. तिचे डोळे भरून आले. "बघा! म्हणे सवयीने ओरडतात!" असं तोगाशींना सुनावून तिने माईक उचलला.



तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, "बाहेर पडायची आपली पाळी येईपर्यंत बसून राहिल्याबद्दल आभार. आता पहिल्या दहा रांगांनी बाहेर पडावं," आणि बरोबर दहा रांगा उठल्या.