बोलता येतंय का

"अहो, बोला ना काहीतरी," बायको मागून म्हणाली.

"आता कशाला? दम कुठे लागतोय?" शिंपी म्हणाला आणि पुलाच्या चढाकडे तरातरा पुढे निघून गेला.

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. सदरा त्याने स्वतःच दोन्ही बाजूंनी दाबून घेतला होता, तरी ढगळच होता. काल डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. वजन उतरलंय, आता बिनधास्त भरभर चाला, म्हणाले. तिला आनंद झाला, अगदी मनापासून. रात्री मात्र तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

उभी हयात या माणसाने तोंडात टाचण्या धरून घालवली होती. संसारातल्या सगळ्या प्रश्नांना त्याचं एकच उत्तर, हूं. तोंडात टाचण्या नसल्या तरी हूं. मशीनवर बसून बसून देह सुटला, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी तंबी दिली. रोज चालायचं आणि चालताना बोलत राहायचं. बोलता येईना झालं, की वेग कमी करायचा. बायकोने लक्ष ठेवायचं.

तिने ठेवलं. आधी तो धापा टाकत नुसत्या दुकानांच्या पाट्या वाचायचा. पाट्या संपल्यावर गिऱ्हाइकांवर आला. गिऱ्हाइकं संपली तेव्हा नाइलाजाने स्वतःवर आला. एकदा याच पुलाच्या चढावर एकेक शब्द ओढत म्हणाला, "तुझा... पहिला ब्लाउज... मी मुद्दाम... बिघडवला होता. म्हटलं... परत येशील." इतकी वर्षं हे पोटात ठेवून हा माणूस खुशाल काजं करत बसला होता.

आणि आता तो बरा झाला होता. तिला त्याची धाप परत हवी होती. असलं कसलं मेलं मागणं, म्हणून तिने स्वतःला दरडावून पाहिलं. पण हवी होती ती होतीच.

तो चढ चढत होता. तोंडातून चकार शब्द नाही.

ती पुलाच्या कठड्याला टेकली आणि तिने छातीवर हात ठेवला. "अहो, मला दम लागला."

तो जवळजवळ पळतच मागे आला. "बोलता येतंय का?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

त्याने तिला निरखून पाहिलं, माप घेण्याआधी गिऱ्हाइकाला पाहायचा तसं. तिचा श्वास संथ चालला होता. कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता. तो तिच्या शेजारी कठड्याला टेकला. खालून एक गाडी गेली, मग दुसरी.

"बरं," तो म्हणाला. "त्या दुसऱ्या ब्लाउजची बाहीसुद्धा काही आपोआप आखूड झाली नव्हती."