खुंटीवरचा शर्ट

"हनुवटी वर, खांदे पुढे, हलायचं नाही," मास्तर म्हणाले आणि स्वतःच हनुवटी वर करून, छाती यंत्राच्या पाटीला टेकवून उभे राहिले.

"अहो, हे मी सांगायचं असतं," काचेपलीकडून ती म्हणाली. ती आता या एक्स-रे विभागाची प्रमुख होती. सव्वीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या हाताखाली शिकायला आली तेव्हा तिला फिल्म सुलटी कुठली आणि उलटी कुठली, हेही कळत नव्हतं.

"मग सांग की. मी काय तुझं तोंड धरलंय?"

दोन महिने झाले, मास्तरांचा खोकला जात नव्हता. पहिला महिना त्यांनी तो हवेवर ढकलला, नंतरचे पंधरा दिवस सुनेच्या फोडणीवर. शेवटी सुनेनं दम भरला, "फोटो काढल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही." ती बरोबर यायला निघाली होती. त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ज्या विभागात छत्तीस वर्षं काढली तिथं कुणाचं बोट धरून जायचं म्हणजे अतीच झालं.

शर्ट काढून खुंटीला अडकवण्याआधी त्यांनी सगळीकडे फिरून घेतलं होतं. डार्करूम गेली होती. जिथं लाल दिव्याखाली ते फिल्म धूत, तिथं गार हवेत एक लोखंडी कपाट गुणगुणत उभं होतं. "यात नऊ लाख फोटो आहेत," शिष्येनं सांगितलं. त्यांच्या वेळी नऊ हजार फिल्मना दोन खोल्या आणि जिन्याखालची जागा लागली होती, आणि हवी ती फिल्म तरीही वेळेवर मिळायची नाही.

मग तिनं पडद्यावर कुणाचा तरी जुना फोटो काढून दाखवला. फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात पिवळा चौकोन होता.

"हा मी नाही काढलेला. शंका आली की संगणकच काढतो."

"किती वेळात?"

"तीन सेकंद."

मास्तर खुर्चीची पाठ धरून बघत राहिले. असले कोपरे शोधता शोधता त्यांच्या चष्म्याचा नंबर कुठल्या कुठे गेला होता. पण त्यांना वाईट वाटलं नाही. उलट फार आनंद झाला आणि तो त्यांनी लपवलाही नाही. "कमाल आहे," ते म्हणाले. "कमाल आहे बुवा. एका जन्मात काय काय बघायचं माणसानं!"

त्यांच्या वेळी दहा मिनिटं लागत. फिल्म टाकीतून काढायची, ओलीच उजेडाच्या पेटीवर धरायची आणि नीट आली का ते बघायचं. बिघडली असेल तर पुन्हा काढावी लागे, म्हणून तोवर माणसानं उघड्या अंगानं बाकावर बसून राहायचं. फिल्ममध्ये काय आहे ते डॉक्टरांच्या आधी मास्तरांना दिसे. पण बोलायचं ते डॉक्टरांनी. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी बजावत, "आपलं तोंड बंद. आणि चेहराही बंद." हिला तर त्यांनी आठवडाभर आरशासमोर उभं केलं होतं, कारण हिच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं.

त्यांची स्वतःची एक सवय होती. फिल्म साफ असली की ते डार्करूमच्या दारातूनच ओरडत, "झालं, घाला शर्ट!" फिल्मवर नको ते दिसलं की ओरडायला त्यांना जमत नसे. ते बाहेर येत, खुंटीवरचा शर्ट काढत आणि माणसाच्या मागे उभे राहून तो धरत. "उजवा हात," म्हणत. मग म्हणत, "आता डावा." माणसाला वाटे, किती भले गृहस्थ. छत्तीस वर्षांत हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, अशी मास्तरांची खात्री होती.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "धरून ठेवा."

टक् झालं.

"सोडा."

मास्तरांनी श्वास सोडला, दोनदा खोकले आणि मनातल्या मनात मोजलं. एक, दोन, तीन. एवढ्यात झालंसुद्धा असणार. इथं अजून पाटीला टेकलेल्या त्यांच्या छातीचा गारवा गेला नव्हता.

"काय गं, निघाला का चौकोन?"

"तोंड बंद, मास्तर. बोलायचं ते डॉक्टरांनी."

मास्तर हसले. त्यांनी काचेतून तिच्याकडे निरखून पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पोरगी तयार झाली, त्यांना वाटलं. आरशाचा तो आठवडा वाया गेला नाही. आता ती हाक मारेल म्हणून ते वाट बघत थांबले.

हाक आली नाही. काचेशेजारचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. तिनं खुंटीवरचा शर्ट काढला, एकदा झटकला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

मास्तरांनी उजवा हात बाहीत घातला.

"हे कुठं शिकवलं होतं गं मी तुला?"

"आता डावा," ती म्हणाली.